धोटा कुठल्या दुकानात

आणि बोल्ट जागच्या जागी होते.

भाग्यलक्ष्मीनं भिंतीला हात टेकवला, मान वाकडी केली आणि कपडे धुवायच्या मशीनच्या पाठीमागं पुन्हा पाहिलं. चारही तसेच, घट्ट. कारखान्यातून निघताना आतला ड्रम गाडीत आदळू नये म्हणून हे बोल्ट आवळून पाठवतात. घरी आल्यावर पहिलं काम ते काढायचं. नळी, वायर, पाणी सगळं नंतर. काढायचे राहिले तर ड्रमला हिसडा बसतो आणि आख्खं मशीन उड्या मारायला लागतं.

निपाणीत आल्या आल्या, पाय धुवायला म्हणून ती मालुबाईंच्या न्हाणीत आली होती.

"बघालीस व्हय आमचं येडं?" दारातून मालुबाई म्हणाल्या. मालुबाई म्हणजे तिच्या सासऱ्यांची, आप्पांची, बहीण, सगळ्या घराची आत्ती. "पैल्या दिवशी वाकळ घातली आत. तर हितनं निघालं ते त्या दारात जाऊन उभं ऱ्हायलं. मला वाटलं, निपाणी बघायला भाईर पडतंय आता."

"दुकानात सांगितलं न्हाईसा?"

"सांगितलं की. एक पोरगं म्हणालं, आजी, वाकळ घातलीसा म्हणून नाचतंय. दुसरं म्हणालं, फरशी वाकडी हाय. तिसरं फोनमधनं मान वर न करता म्हणालं, टोल-फ्रीला लावा."

"मग लावलासा?"

*

इंग्रजीसाठी एक दाबा. हिंदीसाठी दोन दाबा. कन्नडसाठी तीन दाबा.

("आणि मराठीला काय दाबू? माझं नरडं?")

आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

("मग उचल की रं!")

आपली तक्रार नोंदवली गेली आहे. आपण आमच्या सेवेवर समाधानी असाल तर एक दाबा.

(मालुबाईंनी रागानं जे बोटाला लागलं ते दाबलं. ते एक होतं.)

*

"दसऱ्याची धुणी काढायची म्हणून घेटलं," मालुबाई सांगत होत्या. "घट बसायच्या आत घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायची असत्यात, आणि माझं गुडघं असलं. शेवटी शेजारणीनं दगडावर आपटून दिली सगळी. आणि हे हितं नुसतं नवऱ्यासारखं उभं."

"लावायला कोण आलतं?"

"मी कुठं हुते! संकेश्वरला लेकीकडं गेलते. किल्ली शेजारी ठेवलती. तुमच्याच दुकानातला माणूस लावून गेला म्हणाली."

एक पाना लागला असता. तो बाहेर गाडीत तिच्या नवऱ्याच्या, राजकुमारच्या, पिशवीत होता. दहा मिनिटांचं काम. आत्तींनी तोंडभर आशीर्वाद दिले असते आणि चहा टाकला असता.

भाग्यलक्ष्मीनं पदर खोचला, पायांवर पाणी घेतलं.

"वाकळीमुळंच असंल," ती म्हणाली. मग पाय पुसता पुसता, जरा खालच्या आवाजात, "आज खंडेनवमी. सगळी हाईत शोरूमवर. मामांच्या कानावर घाला की, आत्ती. तुम्ही नाही बोलायचं तर कुणी?"

*

कानावर घालण्याला आज किंमत होती, कारण आप्पांनी धोटा आणला होता.

आप्पांचं, म्हणजे मल्लाप्पांचं, घर मूळ विणकराचं. बेळगावच्या खासबागेत माग होता. तो विकून त्यांनी त्याच जागी रेडिओचं दुकान काढलं आणि मागाचा एवढा एक धोटा, आडवं सूत इकडून तिकडं नेणारा, ठेवून घेतला. दर खंडेनवमीला पाने, सोल्डरची कांडी, मीटर यांच्या मधोमध तो ठेवून पूजा व्हायची. पूजा झाली की धोटा दुकानाच्या गल्ल्यावर जायचा, वर्षभरासाठी. धोटा असेल ते मूळ दुकान, असं कुणी कधी बोललं नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं.

यंदा आप्पा म्हणाले, पूजा निपाणीला करू. धाकट्या मुलाच्या, किशनच्या, शोरूममध्ये. आणि सकाळी गल्ल्यावरचा धोटा धोतराच्या सोग्यानं पुसून त्यांनी पिशवीत टाकला. का, ते सांगितलं नाही. राजकुमारनं विचारलं नाही. भाग्यलक्ष्मी बेळगावापासून निपाणीपर्यंत त्या पिशवीकडं बघत बसली होती. धोटा इथं राहिला तर खासबागचं शटर पडणार. तिचा नवरा धाकट्या भावाचा नोकर होणार. आणि ती स्वतः धाकट्या जावेच्या, आरोहीच्या, समोर उभी राहून विचारणार, बाई, आज कुठल्या काउंटरला उभी राहू?

*

(जे अजून घडलेलं नाही, पण गाडीतून शोरूमवर जाताना तिनं तीनदा घडवून पाहिलं:

आत्ती गिऱ्हाइकांसमोर तोंड सोडतात. आप्पांची भुवई वर जाते. आरोहीचं ते हसू, व्हॉट्सॲपवर अर्ध्या निपाणीला वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवणारं, काचेच्या केबिनमधलं हसू, ओठावरून खाली घसरतं. कुणालाच काही कळत नाही. आणि मग भाग्यलक्ष्मी, सगळ्यात शेवटी, हळूच: बोल्ट काढलेत का बघा बरं.

तिसऱ्यांदा घडवताना तिनं आरोहीच्या डोळ्यांत पाणीही घातलं.)

*

शोरूम हायवेच्या सर्व्हिस रोडला होतं. एका काचेतून दुसऱ्या काचेत स्वतःचं तोंड दिसावं इतक्या काचा. प्रत्येक फ्रीजला, टीव्हीला, मिक्सरला कुंकवाची बोटं ओढून झाली होती. झेंडूच्या माळा होत्या. आठ-दहा पोरंपोरी होती, ज्या त्या कंपनीच्या टीशर्टात. गेल्या दिवाळीतलं एकही तोंड भाग्यलक्ष्मीला ओळखू आलं नाही.

सणाच्या ऑफरला अक्कोळकडचा एक माणूस बायकोला घेऊन आला होता.

"आमच्यात लाईट कमीजास्त हुतीया. ह्या फ्रीजला स्टॅबिलायझर लागंल का न्हाय?"

"सर, थ्री स्टार आहे."

"व्हय, पण लाईट..."

"कॅशबॅक पण आहे, सर."

"आरं बाबा, लाईट कमी झाली तर हे जळतंय का?"

पोरानं फ्रीजवरचं स्टिकर मोठ्यानं वाचून दाखवलं. मग शेजारच्या टीशर्टाकडं बघितलं. शेजारचा टीशर्ट म्हणाला, "ते आपल्या कंपनीचं न्हाई."

भाग्यलक्ष्मीला उत्तर माहीत होतं. तिनं झेंडूची माळ सरळ केली.

खासबागेत असं नव्हतं, हे ती गेली दोन वर्षं सगळ्यांना सांगत होती. खासबागेत माल खोलून, लावून, चालवून दाखवल्याशिवाय उंबऱ्याबाहेर जात नसे. नवा मिक्सर घ्यायला आलेल्या बाईसमोर भाग्यलक्ष्मी भिजवलेली डाळ वाटून दाखवायची. ते खरंच होतं. आणि हेही खरं होतं की मष्णूनंतर खासबागेत कुणाला काही शिकवलं गेलं नव्हतं. मष्णू आठ वर्षं राजकुमारच्या हाताखाली शिकला आणि समोरच्याच बाजूला दुकान टाकून बसला. त्यानंतर टीव्ही उघडताना राजकुमार पाठ दाराकडं करून बसायचा. हळूहळू भाग्यलक्ष्मीलाही ती सवय लागली. किती, ते पुढं येईलच.

"आमची आरोही बघा," आप्पा कुणाला तरी सांगत होते. "हे सगळं डेकोरेशन तिचं."

आमची आरोही. भाग्यलक्ष्मीला आप्पांनी लग्न झाल्यापासून "अगं ए" अशी हाक मारली होती.

आरोही लगबगीनं आली. "आक्का, या की. हितं बसा. प्रवासात दमलासा?" आणि तिनं केबिनमधली स्वतःची चाकाची खुर्ची ओढून आणली. भाग्यलक्ष्मी बसली नाही. चाकाच्या खुर्चीवर बसलं की माणूस आपोआप सरकतं.

राजकुमार मात्र कोपऱ्यातल्या एसीच्या डेमोपाशी उभा होता, आणि तिथल्या पोरानं त्याला न विचारताच चहा आणून दिला. बिनसाखरेचा. भाग्यलक्ष्मीला वाटलं, ह्या पोराला कसं ठाऊक?

मग दारातूनच आवाज आला.

"मल्ल्या! मशीनला कुंकू लावालास व्हय? लाव, लाव. माझ्या घरचं पण घिऊन जा आणि त्येच्यापुढं ढोल वाजव, नाचतंय झकास!"

*

बोलणं. कोण बोललं ते कळेल. आवाज एवढे मोठे होते की आवाजांवरूनच कळत होतं.

"आत्ती, जरा हळू. गिऱ्हाइकं हाईत."

"म्हणूनच बोलालोय, किशन. मी पण गिऱ्हाईकच की. का फुकट दिलंस?"

"तक्रार घेतली हाय, आत्ती. कंपनीचा माणूस येणार हाय."

"कंपनीचा माणूस म्हणजे देव व्हय? नऊ दिवस झालं, घटातलं धान उगवून आलं, तुझा माणूस आला न्हाय!"

"वाकळ..."

"वाकळीचं नाव काढू नगंस! खासबागच्या दुकानातनं एवढा पंखा घेटला तरी राजू घरी येऊन लावून, माझ्या हातचा चहा पिऊन जाईत हुता. आणि हितं तुमच्या काचा चाटायच्या काय आम्ही?"

भाग्यलक्ष्मीच्या छातीत गोड काहीतरी पसरलं. तिनं आप्पांकडं पाहिलं. भुवई वर गेली होती. अगदी गाडीत घडवली तितकीच.

"मशीन लावायला कोण गेलतं?" आप्पांनी विचारलं.

किशननं आरोहीकडं पाहिलं. आरोहीनं एसीच्या डेमोकडं पाहिलं. एकदाच, झटकन, जसं तव्यावरून हात काढावा. मग ती पुढं आली.

"मामा, चूक माझी. दसऱ्याची गर्दी हुती, कंपनीचा माणूस मिळत नव्हता. मीच एकाला पाठवलं. नीट सांगायला पाहिजे हुतं, सांगितलं न्हाई."

"कुणाला पाठवलंस?"

"ते असू द्या. पाठवलं मी."

आरोहीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तेवढं एक कमी पडलं. बाकी सगळं भाग्यलक्ष्मीनं घडवल्याप्रमाणं झालं होतं. आप्पांनी तबकातला धोटा उचलला, पिशवीत परत टाकला आणि म्हणाले, "आधी तायडीचं मशीन बघू. पूजा मग."

*

मालुबाईंचं घर जवळच. सगळे चालतच निघाले: पुढं मालुबाई, वरातीच्या मालकिणीसारख्या, मग आप्पा, किशन, आरोही, मागं राजकुमार. वखारीतल्या तंबाखूचा वास गल्लीभर होता. भाग्यलक्ष्मी मुद्दाम हळू चालत नवऱ्याच्या बरोबर आली.

"पाना घेटलासा?"

"कशाला?"

"असू द्या जवळ."

राजकुमारचं तोंड राखेसारखं झालं होतं. तिला वाटलं, धाकट्या भावाची फजिती त्याला बघवत नाही. मनातल्या मनात तिला त्याचा राग आला. एवढा कसला भाऊ!

न्हाणीत दोनच माणसं मावत होती. किशननं मशीन चालू केलं. पाणी घेईपर्यंत ते शहाण्यासारखं राहिलं. मग फिरायला लागलं, आणि भांड्यांची फळी थरथरली, तांब्या खाली आला, आणि पांढरं मशीन एक खांदा पुढं, एक खांदा मागं करत दाराकडं निघालं.

"बघ, बघ! निघालं बघ!" मालुबाई जवळजवळ अभिमानानं ओरडल्या.

किशननं बटण दाबून ते बंद केलं आणि कपाळ पुसलं. "फरशी..." तो म्हणाला, आणि पायानं ती दाबून बघितली.

आता. आता बोलायचं. भाग्यलक्ष्मी आत शिरली, मशीनच्या मागं वाकली, बोट दाखवण्यासाठी हात पुढं केला.

मशीन पुढं सरकल्यामुळं सकाळी न दिसलेलं आता उजेडात आलं होतं. पाणी सोडायची नळी नळाच्या पाइपाला सुतळीनं बांधली होती. आणि सुतळीची गाठ ती होती. तुटलेलं सूत सांधताना विणकर घालतात ती, चिमटीत बसणारी, कितीही ओढली तरी न सुटणारी. किशन मागावर कधी बसला नव्हता. शोरूमच्या टीशर्टांपैकी कुणाला साधी गाठही आली असती का, देव जाणे. ही गाठ घरात दोनच माणसं मारत होती. त्यांतलं एक सत्तरी उलटून गेलेलं.

दुसरं बाहेर, पाना घेऊन उभं होतं.

कोल्हापूरला जाऊन येतो, स्पेअर आणायचं हाय, म्हणायचा. महिन्यातून किती वेळा? आणि पिशवीत स्पेअर कधी दिसलं? बिनसाखरेचा चहा, न सांगता. म्हणजे धोटा निपाणीला यायच्या आधीच तिचा नवरा निपाणीला आला होता.

आणि बोल्ट त्याला कसे माहीत असणार? गेल्या वर्षी टिळकवाडीतल्या डॉक्टरीणबाईंकडं असलं मशीन बसवताना कंपनीच्या माणसाशेजारी भाग्यलक्ष्मी उभी होती. राजकुमार नव्हता. घरी आल्यावर त्यानं विचारलं होतं, कसं लावतात गं ते? आणि ती म्हणाली होती, लावतात असंच. घरात एक तरी गोष्ट अशी असावी, जी फक्त आपल्यालाच येते.

"काय दिसलं गं?" आप्पांनी विचारलं.

गप्प राहिलं तर सगळं तिचंच होतं. चूक आरोहीनं अंगावर घेतली होती. धोटा खासबागला जाणार होता. राजकुमारचं नाव कुणाच्या तोंडी येणार नव्हतं.

तिनं मान वर केली. दारात आरोही होती. आरोही तिच्याकडं बघत होती, आणि त्या बघण्यात विनवणी होती: नको, आक्का. असू दे.

म्हणजे हिला ठाऊक होतं. हिला सगळं ठाऊक होतं, आणि ही माझ्या नवऱ्याला झाकत होती. माझ्या नवऱ्याला. त्याचा चहा कसा लागतो हेही हिला ठाऊक. उद्यापासून खासबागच्या दुकानात बसायचं ते हिच्या मेहरबानीवर. दर दसऱ्याला धोट्याला कुंकू लावताना मनात यायचं, हे आरोहीनं दिलंय.

ते मात्र भाग्यलक्ष्मीच्या घशाखाली उतरेना.

"बोल्ट काढलं न्हाईत," ती म्हणाली. "आणि हिनं कुणाला पाठवलं ते विचारू नका, मामा. ही गाठ बघा. ह्यांनी लावलंय मशीन."

*

आप्पा आत वाकले, गाठ चिमटीत धरून ओढली. सुटली नाही.

*

"व्हय," राजकुमार शेवटी म्हणाला. "मीच आलतो. आरोहीला मीच म्हटलं, सांगू नगंस. लाज वाटली."

"आप्पा, आम्हीच बोलावतो त्येंला," किशन घाईनं म्हणाला. "पोरांना जरा..."

"पोरांना न्हाई. मला." राजकुमार खाली बघत होता. "मला नवीन मशीनं येत न्हाईत. खासबागेत कोण शिकवंल?"

मालुबाई मात्र भाग्यलक्ष्मीकडं बघत होत्या. "आणि सकाळी मला काय म्हणालीस गं तू? वाकळीमुळं असंल?"

"तवा... अंधार हुता, आत्ती."

"व्हय. हुता खरा," मालुबाई सावकाश म्हणाल्या. "माझ्या न्हाणीत लई अंधार हाय."

भाग्यलक्ष्मीनं नवऱ्याच्या हातातून पाना घेतला. पहिला बोल्ट काढताना तिनं सवयीनं पाठ दाराकडं केली. मागून बांगड्या वाजल्या. आरोही आत येऊन शेजारी उकिडवी बसली होती, जरीच्या साडीसकट, ओल्या फरशीवर. फोन काढला नव्हता तिनं. नुसती बघत होती.

"मला देता?"

भाग्यलक्ष्मीनं पाना दिला. दोन बोल्टांना आरोहीचा हात घसरला, आणि भाग्यलक्ष्मीला बरं वाटलं. शेवटचा तिनं एका दमात सोडवला, आतली रबरी नळीसुद्धा न सांगता ओढून काढली. भाग्यलक्ष्मीला टिळकवाडीत ते बघून समजायला दुपार लागली होती.

किशननं बटण दाबलं. मालुबाईंनी मशीनवर पाण्यानं भरलेला पेला ठेवला. ड्रम फिरला, जोरात फिरला. पेल्यातलं पाणी शहारलं, सांडलं नाही.

"आरोहीनं केलं बघ नीट!" खिडकीतून शेजारीण म्हणाली.

"बोल्ट जपून ठेवा, आत्ती," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "घर बदललं तर परत लागतात."

"आता कुठलं घर बदलतोय मी," मालुबाई म्हणाल्या. पण बोल्ट त्यांनी पदराला बांधले.

आप्पांनी पिशवी उघडली. धोटा काढून त्यांनी अंगठ्यानं त्याचं टोक चाचपलं, जसं मागावर बसायच्या आधी चाचपायचे.

"धोटा खासबागला जाईल," ते म्हणाले.

भाग्यलक्ष्मीनं श्वास सोडला.

"पण राजू तिथं बसणार न्हाई. राजू हितं, किशनच्या हाताखाली. शिकू दे. खासबाग तू बघ." त्यांनी धोटा तिच्या ओल्या हातात ठेवला. "ज्याला दिसतंय त्यानं दुकान चालवावं. फकस्त दिसलं की त्याच घटकेला बोलायचं, भाग्यलक्ष्मी."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिला नावानं हाक मारली होती.

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. त्याला वाईट वाटलेलं असेल, ती त्याला समजावेल, असं तिनं क्षणभरात ठरवूनही टाकलं. राजकुमारचे खांदे सैल झाले होते. पाठीवरून काहीतरी उतरल्यासारखे.

"आक्का, महिन्यातनं एकदा येऊन आमच्या पोरांना दाखवशीला?" आरोहीनं विचारलं.

"बघू," भाग्यलक्ष्मी म्हणाली.

*

पूजा झाली. प्रसाद वाटला. परतायला गाडी सुरू झाली; पुढं ड्रायव्हरशेजारी आप्पा, मागं भाग्यलक्ष्मी, आणि तिच्या शेजारी राजकुमारच्या जागेवर, झेंडूच्या दोन फुलांसकट, धोटा.

शोरूमच्या काचेतून आत दिसत होतं. अक्कोळचा माणूस अजून फ्रीजपाशीच होता. आरोही काहीतरी विचारत होती, राजकुमार हात हलवून सांगत होता, टीशर्टातली पोरं भोवती गोळा झाली होती. मग आरोही काहीतरी बोलली, आणि राजकुमार हसला. मान मागं टाकून, दात दिसेपर्यंत.

खासबागच्या दुकानात तो असा कधी हसला होता, ते भाग्यलक्ष्मी हायवेला लागेपर्यंत आठवत राहिली. धोट्यावरचं ओलं कुंकू तिच्या पदराला लागत होतं. तिनं तो उचलून दुसरीकडं ठेवला नाही.